चाकावरचा बर्थ

बाबा, काल तुमच्या नातीचं तिकीट काढलं आणि तेव्हापासून घरभर नुसती फिरते आहे. तुमच्या खांद्यावर बसून खर्डीच्या फाटकापर्यंत जायची, तीच ही. रायपूरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली आहे. रविवारी दुपारी कल्याणहून गाडी, एसीचा डबा, आणि जाणार एकटी. मोबाइलवर बर्थचा नंबर आला तशी ती टाळ्या पिटत म्हणाली, "छत्तीस, आई! खालचा, अगदी मधला. याच्याहून चांगला बर्थ नसतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "चढलीस की दाराजवळच्या कुणाशी तरी बदलून घे." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, लोक उलटं करतात. चाकावर कोण झोपतं?"

तुम्ही झोपायचात. म्हणजे आडवे व्हायचात, झोपलेलं मी तुम्हाला गाडीत कधी पाहिलं नाही. वर्षातून एकदा रेल्वेच्या पासावर आपण अकोल्याला आत्याकडे जायचो. नशिबाने डब्याच्या मधले बर्थ मिळाले, की सामान ठेवायच्या आत तुम्ही दाराकडच्या लोकांपुढे जाऊन उभे. "आमचा मधला घ्या, तुमचा आमाला द्या." माणसं आधी खूश व्हायची आणि मग त्यांना संशय यायचा. एक म्हातारा तर आपण देऊ केलेला बर्थ वाकून, खालून वरून तपासून आला होता, ढेकूण आहेत का म्हणून. आई कपाळाला हात लावायची. "संडासाचा वास न् चाकाचा खडखडाट. लोक चांगल्यातून चांगला शोधतात, आमचे हे वंगाळ शोधतात." मी आतेभावंडांना सांगायची की माझ्या बाबांना मधल्या बर्थवर गाडी लागते. खरं सांगायची लाज वाटायची, कारण खरं एवढंच होतं की तुम्ही घाबरायचात.

तुम्ही कसारा घाटात कीमन होतात. खांद्यावर हातोडा आणि पाना, रोज ठरलेला तुकडा पायी चालायचा आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करायच्या. एवढी मोठी गाडी कशाकशाच्या आधारावर चालते, हे तुम्हाला नको तितकं ठाऊक होतं. म्हणून चाकावरचा बर्थ. फळीला कान लावून तुम्ही खालचा रूळ ऐकायचात. "मधी झोप लागते गो. झोप लागली तं रूळ वाजलेला कलणार कसा?" असं तुम्ही एकदा मला म्हणालात. आई आतून ओरडली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" आणि आपण तिघंही हसलो.

मी पाचवीत होते त्या वर्षीचं सांगते. आई आत्याच्या बाळंतपणासाठी आधीच अकोल्याला गेली होती, आपण दोघंच मागून निघणार होतो. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तुम्ही डबा घेऊन निघालात तर मी दारात आडवी. माझी चप्पल तुटली होती आणि आत्याकडे अनवाणी जायचं नव्हतं. "आज लवकर या. नाय आलात तं मी येणारच नाय." तुम्ही आलात. दुपारीच आलात, घामाघूम. शहापूरच्या बाजारात लाल पट्ट्यांच्या चपला घेतल्यात, वर मला भजीही खाऊ घातलीत. तुमचं तोंड उतरलेलं होतं, ते मला दिसलं होतं. पण माझ्या पायांत चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी कसाऱ्याला थांबते. घाट चढवायला मागून इंजिनं लागतात, तो नेहमीचा धक्का बसतो, आणि मी सीटवर मांडी घालून माझ्या चपलांकडे बघत बसले आहे. तुम्ही बर्थ बदलून घेतलेलाच आहे. गाडी चढायला लागते. एक बोगदा जातो, दुसरा जातो. तुम्ही फळीला कान लावून पडला आहात. आणि एकदम उठून बसता. मला काहीच ऐकू आलेलं नाही, पण तुमचा चेहरा असा होतो की मी चपला काढून ठेवते, का ते आजही सांगता यायचं नाही. इगतपुरी येईपर्यंत तुम्ही दारात उभे. गाडी थांबते न थांबते तोच म्हणता, "हितनं हलू नको. कोण काय पण बोलू दे, हलायचा नाय." आणि फलाटावरून पळत सुटता.

मागची इंजिनं सुटली. शिट्टी झाली. तुम्ही आला नाहीत. गाडी हलली, फलाट मागे जायला लागला, चहावाला मागे गेला, नळ मागे गेला, आणि तुम्ही कुठेच नाही. समोरच्या बाईने विचारलं, "बाबा खंय राहिले तुझे, बाळा?" हलायचं नाही म्हणजे बोलायचंही नाही, असं मला वाटत होतं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बसले. सगळ्यांत वाईट म्हणजे आता तो चाकाचा आवाज मलाही ऐकू यायला लागला होता. त्यातला बरा कुठला आणि वाईट कुठला, ते सांगायला मात्र कुणी नव्हतं. नाशिकपर्यंत मी तशीच. चड्डी ओली झाली तरी हलले नाही.

नाशिकला तुम्ही दारात. सुटत्या गाडीत गार्डाच्या डब्यात कसेबसे चढला होतात. "चा प्यायला गेलो व्हतो," म्हणालात. मी अकोल्यापर्यंत तुमच्याकडे पाठ करून बसले. खरं काय ते तुम्ही सांगितलं नाहीत, नंतरही कधीच नाही.

ते मला कळलं अठरा वर्षांपूर्वी, तुमच्या दहाव्याला. तुमच्या रेल्वेच्या गँगमधले काका ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "तुझा बाप येडा गो. इगतपुरीला धावत जाऊन टेसन मास्तरला आपणच बोलला, माझ्याच हद्दीत रूळ वाजतो, काल शेवटचा तुकडा मी चाललोच नाय. मागची गाडी कसाऱ्याला थांबवली, चाव्या ढिल्या गावल्या. गप बसला असता तं कोणाला कललाबी नसता. सायबानं सगल्यांपुढं झापला. पण त्या दिवशी लवकर का गेलास, ह्याचा जवाब काय दिला नाय पठ्ठ्यानं."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि आत गेले. तो जवाब एकट्या मलाच माहीत होता. लाल पट्ट्यांच्या त्या चपला दिवाळीपर्यंतही टिकल्या नव्हत्या.

लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगून काय होणार? ती म्हणते, आता मशिनं रूळ तपासतात, चाव्या गेल्या, क्लिपा आल्या, एसीत तर चाकाचा आवाजसुद्धा येत नाही. तेच तर! आवाज येत नाही म्हणजे काही नाही असं थोडंच आहे? दिवसभर मी तिला डबे, चादर, कुलूप, साखळी असलं काहीबाही देत राहते आणि ती बॅगेतून एकेक बाहेर काढत राहते. रागावले काल तिच्यावर, उगाच. रागावण्यासारखं तिने काही केलं नव्हतं.

मग ती आंघोळीला गेली तेव्हा मी आणखी एक तिकीट काढलं. त्याच गाडीचं, साध्या स्लीपरचं, कल्याण ते इगतपुरी. तिला कल्याणला टाटा करीन आणि मागच्या डब्यात चढेन. नंबर कुठलाही येऊ दे, दाराजवळच्याशी बदलून घेईन. लोक आनंदाने देतात, हे तुमच्याबरोबर पाहिलं आहे. घाटात फळीला कान लावून पडेन. बाबा, मला रुळातलं काही म्हणजे काही कळत नाही. तरी पडेन.

घाबरते आहे ती मात्र त्याच्या पुढच्याला. इगतपुरीला मी उतरणार आणि गाडी सुटणार. छत्तीस नंबरवर ती एकटी पुढे जाणार आणि मी फलाटावर उभी. आजवर ती गोष्ट मी आठवली ती खिडकीच्या आतून, गज धरून. गाडी हलली तेव्हा मास्तरच्या दारातून वळून बघताना तुमचं काय झालं असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. काल माझं तिकीट काढताना आलं.