भट्टीवरची टाच

माय, तुझी नात तुला पुन्हा भट्टीवर चढवते आहे, आणि तू पडलेली चालेल का, असं मला विचारते आहे. उद्या सकाळच्या गाडीने ती पुण्याला परत जाईल. त्याआधी तिला उत्तर हवं आहे. ती आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. काल वरणात मीठ पडलं नाही आणि भाजीत दोनदा पडलं. पोरगी निमूटपणे दोन्ही कालवून जेवली, कारण तिला माझ्याकडून होकार काढायचा आहे.

तिचं काम तुला कसं समजावू? ती खेळ बनवते. टीव्हीसारख्या पडद्यावर एक चित्रातला माणूस असतो. आपण एक बटण दाबलं की तो चालतो, दुसरं दाबलं की उडी मारतो. ती लहान असताना कारंजाच्या बाजारातून मी असा एक डबा आणला होता, टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटचा. त्यात एक टोपीवाला ठेंगणा गडी डावीकडून उजवीकडे पळत सुटायचा. वाटेत खड्डे, नाना तऱ्हेचे प्राणी, आणि हवेत टांगलेल्या विटा. त्या विटा तो खालून उडी मारून डोक्याने फोडायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आवरेना. वीट डोक्यावर वाहायची असते, ती डोक्याने फोडणारा हा कोण शहाणा, असं तू म्हणाली असतीस. पोरगी मात्र त्या खेळापायी वेडी झाली. आज ती आणि तिचे सोबती जे बनवतात त्याचं मूळ त्या पिवळ्या कॅसेटीत आहे, असं तीच सांगते. जगात कितीतरी लोकांनी त्या एका गड्याचं पाहून आपापले गडी पळवले म्हणे.

ती मलाही खेळायला बसवायची, आणि मी तिचा पार हिरमोड करायची. कारण मी पळायचेच नाही. प्रत्येक विटेवर गड्याला उभा करायचा, जागच्या जागी एक बारीक उडी मारायला लावायची, वीट धरते का ते पाहायचं, मगच पुढचं पाऊल. वर कोपऱ्यात वेळ सरत असायचा, तिकडे माझं लक्षच नसायचं. शेवटी वेळ संपायचा आणि माझा गडी धडधाकट जमिनीवर उभ्या उभ्या मरायचा. "आई, पळ ना गं! उभं राहून कोणी मरतं का?" ती हात आपटून म्हणायची. मी मागे फिरायला जायची, तर तो पडदा मागे जाऊच द्यायचा नाही. एकदा पुढे सरकलं की मागचं गेलं ते गेलंच. माझे तळहात घामाने भिजायचे. तिला वाटायचं, आईला खेळ जमत नाही. मला ते जागच्या जागी टेकून पाहणं कोणी शिकवलं, ते मी तिला कितीतरी वर्षं सांगितलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. सुगी आटोपली की इंझोरीचं घर लावून आपण कामरगावच्या अलीकडे नाल्याकाठी भट्टीवर राहायला जायचो. बा चिखल तुडवायचा, विटा थापायचा. तू डोक्यावर चुंबळ ठेवून, तिच्यावर फळी, फळीवर कच्च्या विटा, अशी पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेल्या भट्टीवर चढायचीस. भट्टी पेटली की बाकीच्या बाया खाली उतरायच्या. तुझं काम मात्र तेव्हा सुरू व्हायचं. आतला कोळसा, कपाशीच्या पऱ्हाट्या जळत गेल्या की वरचा थर कुठे खचायचा, कुठे भेग पडून धूर निघायचा. ती भेग ओल्या चिखलाने बुजवायला कोणीतरी वर जायलाच हवं. "हिचा पाय हलका हाय," भट्टीवाला म्हणायचा, आणि चिखलाचं घमेलं तुझ्या डोक्यावर यायचं. टायरच्या वहाणा घालून तू जायचीस. पाऊल टाकण्याआधी टाच मारायचीस. भरीव आवाज आला तर पाय, पोकळ आला तर बाजूने. टप, थांबणं, पाऊल. टप, थांबणं, पाऊल. मी खाली लिंबाखाली बसून तुझ्यावर डोळे लावलेले. माझी नजर हलली की तू पडशील, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. डोळ्यांत धूर जाऊन पाणी यायचं, तरी मी पापणी लवू द्यायची नाही.

तेच तुला नको होतं. एका दुपारी तू खाली आलीस आणि सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलीस. "कायले पाह्यतं वं अशी टकमक? तू पाह्यतं त माहा पाय लटपटते. तोंड तिकडं कर आन् बस." माझं तोंड एवढंसं झालं असणार, कारण मग तू जवळ बसून जुन्या लुगड्याची एक चिंधी घेतलीस, पिळून, गोल वळून तिची चिमुकली चुंबळ केलीस आणि माझ्या डोक्यावर ठेवलीस. "पाहू नको, आयक. टाच वाजली का समजजो, माय वरतं हाय." त्या दिवसापासून मी नाल्याकडे तोंड करून, डोक्यावर चुंबळ घालून बसायला लागले. आणि माय, ऐकणं पाहण्यापेक्षा अवघड निघालं. टप आणि पाऊल यांच्या मधल्या त्या थांबण्यात मी श्वासच घ्यायची नाही. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला तो त्याच कानांवर. पलीकडचा माणूस दोन शब्दांच्या मध्ये जरा थांबला तरी मी "हॅलो, हॅलो" सुरू करायची. सोबतच्या बाया हसायच्या, पण ते काही गेलं नाही.

पुढचं मी तुझ्या नातीला सांगितलं तेव्हा थोडक्यात सांगितलं. तुलाही थोडक्यातच सांगते, तुला तर ठाऊकच आहे. टप झाली. मग थांबणं. मग पाऊल आलं नाही. बाया ओरडल्या, बा धावला, आणि मी वळण्याआधी तुझी चुंबळ भट्टीच्या उतारावरून चाकासारखी घरंगळत आली आणि माझ्या पायाशी येऊन आडवी पडली. एका बाजूने ती करपली होती. तुला ट्रकमध्ये घालून कारंजाला नेलं. तू परत आली नाहीस. मला इंझोरीला मावशीने वाढवलं.

हे ऐकून पोरगी पुण्याला गेली, आणि यावेळी आली ती तुला घेऊनच. मोबाइलच्या पडद्यावर तू. कासोटा घातलेली, डोक्यावर घमेलं, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी भट्टी, भेगांतून धूर. तिने चुंबळच चितारली नव्हती! "अगं, अशाने मान मोडेल तिची," मी ओरडले. तिने तिथल्या तिथे चुंबळ चितारली. टाचेसाठी वेगळं बटण आहे. दाबलं की आवाज येतो, आणि भरीव की पोकळ हे खेळणाऱ्याने कानाने ओळखायचं. आवाज आधी डब्यावर चमचा मारल्यासारखा होता. मग आम्ही मायलेकी परसात विटा मांडून, त्यावर जुनी चप्पल आपटत बसलो. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काहून वं बाई, साप निंघाला का?"

इथवर ठीक होतं. मग तू पोकळ जागी पाय टाकलास आणि खाली गेलीस, आणि मी मोबाइल उपडा घालून स्वयंपाकघरात निघून गेले. मी तिला स्वच्छ सांगितलं, पडायचं नाही. घमेलं पडू दे, चिखल सांडू दे, पण ती पडणार नाही. ती गुणी आहे, तिने तसंही करून दाखवलं. मग काय झालं माहीत आहे? तू भट्टीवरून अशी चाललीस की जणू आठवडी बाजाराला निघालीस. टाच मारायची गरजच उरली नाही. कोणी मारलीही नसती. मी पाहत होते आणि मला काहीच होत नव्हतं, हात कोरडे, श्वास नीट. तेव्हा कळलं की ती तू नव्हेस. "आई, पडूच शकत नसेल तर ती एवढी जपून का चालते, हे कोणाला कळणार?" पोरगी म्हणाली. "आणि इथे पडली तरी ती परत येते गं." मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि तेव्हापासून विचार न करता नुसती धास्तावून फिरते आहे. लोक तुला पाडतील. बसमध्ये, चहा पिता पिता, अनोळखी पोरं तुला पाडतील आणि हसतील.

इथवर सकाळी लिहिलं. दुपारी ती मेथी आणायला गेली. मोबाइल इथेच ठेवून गेली, मुद्दाम की विसरून ते तीच जाणे. मी आधी भिंतीकडे तोंड करून बसले आणि पडदा उपडा धरून नुसतं टाचेचं बटण दाबलं. टप. तू वर होतीस. मग मी पडदा सरळ केला. तू म्हणायचीस पाहू नको म्हणून, पण माय, यावेळी तुझे पाय माझ्याच हातात होते, न पाहून कसं चालेल? टप, थांबणं, पाऊल. भेग आली, चिखल घातला. पुढची वीट पोकळ वाजली ते मला स्पष्ट ऐकू आलं, तरी घाईत बोट पुढे गेलंच. तू गेलीस. मी "माय!" म्हणून एवढ्याने ओरडले की कुंपणापलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. पडदा काळा झाला. आणि मग तू भट्टीच्या पायथ्याशी उभी होतीस. घमेलं डोक्यावर, चुंबळ नीट, लुगड्याला साधा डागही नाही. माझी वाट पाहत उभी.

तुला अक्षर येत नव्हतं, तेव्हा हे कुठे धाडायचा प्रश्नच नाही. बा पाढे म्हणावेत तसं तुला काहीबाही वाचून दाखवायचा, तसंच मी हे मनात वाचेन आणि ठेवून देईन. पोरगी मेथी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, चालेल, पडू दे. तिने मला मिठीच मारली. एवढं मात्र तिला सांगितलं नाही की पहिल्यांदा पडलीस ती चुकून. त्यानंतर ती येईपर्यंत मी तुला मुद्दाम पाडत होते, पुन्हा पुन्हा, नुसती तू उठून उभी राहतेस ते पाहायला.