पत्र आधी, पार्सल मागाहून

ऑस्टबी, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर १९९१

चि. ड्वेन यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक कानफटात.

मंगळवारी तुझं पार्सल आलं. शाळेतून येऊन मी अंगातला कोटही काढला नव्हता. खोका उघडला तर आत तिकोनी घडीचा झेंडा. चिठ्ठी नाही, काही नाही. फौजेत गेलेल्या भावाच्या बहिणीकडे असा झेंडा कशासाठी येतो, हे तुला मी सांगायला हवं का? मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. तू व्हिएतनामात होतास तेव्हा आई वर्षभर खिडकीतून बघत असायची, की सरकारी गाडी आपल्या दारात तर थांबत नाही ना. मला वाटलं, ती गाडी एवढ्या वर्षांनी आली, आणि तीसुद्धा टपालाने.

मग हार्लन घरी आला. त्याने खोका उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, की अगं, हे अक्षर तर तुझ्या भावाचंच आहे, आणि मेलेली माणसं आपल्या पार्सलावर स्वतः पत्ता लिहीत नाहीत, निदान तिकिटं तरी लावत नाहीत. तेव्हा मला रडू आलं. आधी आलं नव्हतं. आधी का आलं नाही, हे मी दोन दिवस तपासून बघते आहे. माझी आतून तयारी झालेली होती की काय? हा प्रश्न मला आवडत नाही, म्हणून तुलाच लिहून टाकते.

तुझं पत्र आज आलं. त्यात काय, तर एक वस्तू पाठवली आहे, कपाटात ठेव. ठेवली आहे, हिवाळी चादरींवर. आता ती कोणाची ते कळव. पायाचं कसं आहे, अंगावर घ्यायला पुरेसं असतं का, तेही. आणि पुढच्या वेळी पत्र आधी टाकावं, पार्सल मागाहून.

कळावे. लोभ आहेच, सध्या त्याच्यावर राग बसला आहे, तो उठला की दिसेल.

तुझी
वर्नाताई


मिनीआपोलिस
२० नोव्हेंबर १९९१

ती. सौ. ताईस,
सा. न. दोन्ही कान धरले आहेत, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय.

तो झेंडा विल्मरचा. आमच्याच बेघरांच्या निवाऱ्यात असायचा. मी त्याला फारसा ओळखतही नव्हतो, जेवताना गुणगुणायचा एवढंच. फौजेत राहिलेला माणूस बेवारस मेला तरी सरकार त्याला जागा देतं, दगड देतं, म्हातारे स्वयंसेवक येऊन बंदुकांची सलामी देतात. मग शवपेटीवरचा झेंडा घडी करून जवळच्या माणसाच्या हातात द्यायचा. जवळचं माणूस नसेल तर? ऑगीने एकदा ते पाहिलं. झेंडा देणारा शिपाई हात पुढे करून उभा, आणि समोर कोणीच नाही. शेवटी तो झेंडा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ते निघून गेले. तेव्हापासून आमच्यातला कोणी गेला की ऑगी जातोच. दोस्तानेही घेतलेला चालतो. बस कुठे बदलायची ते त्याला कळत नाही, म्हणून मला ओढत नेतो.

ऑगी म्हणजे माझा शेजारी, खाटेचा. कोरियात होता. साठीचा आहे, तोंडाने विशीचा. झेंडे त्याच्या पिशवीत असायचे. इथे एका माणसाला एकच पिशवी, खाटेखाली मावेल एवढी. दारावरची बर्निसबाई त्याला म्हणाली, की ऑगस्ट पिल्चर, आता एक तर झेंडे राहतील नाही तर तुझे मोजे. तेव्हा हा मला म्हणाला, की तुझी बहीण कपाटं असलेल्या घरात राहते ना, मग रडतोस काय? तर अजून तीन येतील. पत्र आधी टाकेन.

एक बातमी. माजी सैनिकांसाठी नवी इमारत झाली आहे. प्रत्येकाला एकेक खोली, आतून कडी लागणारी. माझं नाव वर सरकलंय. ऑगी म्हणतो, की पहिल्या आठवड्यात तू एकटेपणाने खुर्चीला सलाम ठोकशील.

बाकी नेहमीचंच. सकाळी सातला बाहेर काढतात, चारच्या आत परत रांगेत. मधल्या वेळात वाचनालय; तिथे डोळे मिटले की रखवालदार टेबलावर टकटक करतो. मग रस्त्यांवरून इमारती जोडणारे काचेचे पूल. तिथे थांबलं की हलवतात. दिवसभर आपण कुठेतरी निघालोय असं दिसावं लागतं. मला आता ते फार छान जमतं. पोचायचं तेवढं जमत नाही.

पाय ठीक. हार्लनला नमस्कार, त्याचं डोकं चालतं हे बघून बरं वाटलं.

रागासकट जो काही लोभ असेल तो राहू दे.

तुझा
ड्वेन


ऑस्टबी
१६ डिसेंबर १९९१

चि. ड्वेन यास,
अ. आ. या वेळी कानफटात नाही, तिन्ही पार्सलांच्या आधी पत्र होतं.

हार्लन आता त्या कपाटाला छावणी म्हणतो. चादर काढायची तर परवानगी घेतो. सोबत लोकरीचे मोजे आणि लेफ्सं, म्हणजे आईच्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, पाठवते आहे, ऑगीलाही दे. त्याच्या मोज्यांची चिंता बर्निसबाईंइतकीच मलाही आहे.

तुझी पत्रं परत वाचली. ऑगीवर दोन पानं आणि खोलीवर चार ओळी. आधी वाटलं, नुसता आळस असेल. मग वाटलं, नसेल. तुला खोली मिळावी असं मला फार वाटतं. ते तुझ्यासाठी वाटतं, की मला रात्री बरं झोपता यावं म्हणून, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर दोन्हीकडून आलं. काय करणार, तसंच कळवते आहे.

नाताळला येशील का? नाही येणार, ठाऊक आहे. तरी विचारण्याचा माझा हक्क ठेव.

कळावे. लोभात खंड नाही.

वर्नाताई


मिनीआपोलिस
२२ जानेवारी १९९२

ती. सौ. ताईस,
सा. न.

ऑगी गेला. खोकला होता, तो छातीत उतरला. इस्पितळात नेलं तेव्हा नर्सला म्हणाला, की खाट फार मऊ आहे, सवय बिघडेल. चौथ्या दिवशी गेला. इकडे त्याच्या खाटेवर त्याच संध्याकाळी दुसरा माणूस. बाहेर तेवढी थंडी होती, चूक कोणाची नाही. पण मी चादर बदलताना बघत होतो.

नातेवाईक शोधले, कोणी सापडलं नाही. दफन सहा फेब्रुवारीला, सकाळी दहाला. आणि खोलीसाठीची मुलाखतही सहा फेब्रुवारीला, सकाळी दहाला. मी दोन्हीकडे विचारलं. दफनभूमीवाले म्हणाले, की गर्दी आहे, वेळ बदलत नाही. खोलीवाले म्हणाले, की आला नाहीत तर नाव शेवटी जाईल. म्हणजे पुढचा हिवाळा.

मी ऑगीकडे जाणार. झेंडा गाडीच्या सीटवर जाऊ देणार नाही, त्याचा तर नाहीच.

रांगेत उभं राहायला मला काही वाटत नाही. झोप मात्र येत नाही. आम्ही पाळी लावायचो, ताई. पहिला अर्धा तो झोपायचा, मग मी. कोणी सांगितलं नव्हतं, असंच ठरून गेलं. एवढ्या वर्षांत मी झोपलो असेन तर तो जागा असताना.

लोभ असावा.

ड्वेन


ऑस्टबी
२६ जानेवारी १९९२

चि. ड्वेन यास,
अ. आ.

ऑगीचं वाचून वाईट वाटलं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी एवढं वाईट वाटण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. दोन्ही वेळा एक झाल्या हे पाहून तुला मनातून सुटल्यासारखं झालं का? त्या खोलीत तू एकटा असशील आणि कोणी जागं नसेल, याची तुला भीती वाटते. माझं चुकत असेल तर चांगलं सुनाव, मला आनंदच होईल.

तर माझं म्हणणं असं. झेंडा मी घेते. शाळेतून रजा काढली आहे, हार्लन गाडी चालवेल. तू मुलाखतीला जा.

एकच अडचण आहे. झेंडा नातेवाइकाला मिळतो, नाही तर दोस्ताला. मी कोणीच नाही. तिथे उभी राहून उगाच हात पुढे करणं मला जमायचं नाही, तू मला ओळखतोस. म्हणून ऑगी कसा होता ते लिहून पाठव. चांगलंच नको, सगळं. त्याला ओळखूनच मी तिथे जाईन.

कळावे. माझ्या आगाऊपणाला लोभात जागा असू दे.

वर्नाताई


मिनीआपोलिस
३० जानेवारी १९९२

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं पत्र फाडलं होतं. मग चिकटवलं. बर्निसबाईने चिकटपट्टी दिली आणि म्हणाली, की एवढं फाडण्यासारखं लिहिते म्हणजे बहीण सख्खीच दिसते.

तुला मास्तरणीची सवय आहे, बरोबर उत्तरावर लाल शाईने खूण करायची. केलीस. मी मुलाखतीला जाईनच असं वचन देत नाही. ऑगीबद्दल मात्र लिहितो, कारण त्याच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही इथे खाटेचे पाय बुटांत घालून ठेवतो, चोरीला जाऊ नयेत म्हणून. तो स्वतःच्या खाटेखाली फाटके बूट घालायचा आणि चांगले उशाखाली. चोराला काहीतरी मिळायला हवं, नाही तर बिचारा खचून जातो, असं त्याचं म्हणणं. पत्त्यांत फसवायचा. धरला तर म्हणायचा, की तुला डोळे आहेत याची खात्री करत होतो. पायाची तीन बोटं कोरियातल्या बर्फात गेली. सरकारकडे ठेव म्हणून ठेवली आहेत म्हणायचा. कोणी शूरवीर म्हटलं की उठून जायचा. एकदा तर जेवण वाढणाऱ्या बाईने म्हटलं, तर भरलेलं ताट ठेवून गेला, आणि मग माझ्या ताटातलं खाल्लं.

त्याची एक मुलगी होती. दारू पिऊन तिच्या लग्नात गोंधळ घातला होता. हे त्यानेच सांगितलं, न हसता, न रडता, हवामान सांगावं तसं. ते मागे टाकू नकोस, तेही त्याचंच आहे.

संत्रं सोलायचा तर साल एका तुकड्यात, लांबलचक. ती हीटरवर ठेवायचा. चाळीस माणसांच्या ओल्या मोज्यांच्या वासातून तो एक वास यायचा, तेव्हा मला कळायचं की माझी झोपायची पाळी आली.

एवढंच. हातमोजे जाड घाल. तिथे वारा फार असतो.

लोभ असावा.

ड्वेन


ऑस्टबी
७ फेब्रुवारी १९९२

चि. ड्वेन यास,
अ. आ.

काल जाऊन आलो. तू कुठे होतास हे मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे हे पत्र अंधारात दगड मारल्यासारखं लिहिते आहे.

वारा तू म्हणालास तसाच होता. बंदुका घेतलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाचं नाक गळत होतं, पण सलामी होईपर्यंत त्याने ते पुसलं नाही. पाद्रीबुवांनी विचारलं, की आपण मृताच्या कोण? मी म्हटलं, की शेजाऱ्याची बहीण. त्यांना एवढं चाललं. चांगला माणूस होता का, असं त्यांनी हळूच विचारलं, बोलायला काहीतरी हवं म्हणून. मी म्हटलं, की पत्त्यांत फसवायचा, आणि चोरांची काळजी करायचा. ते हसले आणि प्रार्थनेत त्यांनी शूर हा शब्द घेतला नाही. तेवढं मी सांभाळलं.

मग तो शिपाई माझ्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. देशाच्या वतीने, राष्ट्राध्यक्षांच्या वतीने, असं काहीतरी म्हणत होता. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. मी फाटकाकडे बघत होते. बस थांबली की उतरणारा प्रत्येक माणूस तपासायचे. ड्वेन, आई गेल्यापासून तुझी वाट बघण्याशिवाय मी दुसरं काही केलेलं नाही. काल आयुष्यात पहिल्यांदा मी देवाजवळ मागितलं, की हा इथे न येवो.

तू आला नाहीस. झेंडा मी घेतला. वाटलं होतं त्यापेक्षा जड असतो.

परत येताना गाडीत संत्रं सोललं. साल तीनदा तुटली. हार्लन म्हणाला, की फौजेत घेणार नाहीत तुला.

तू मुलाखतीला गेला होतास, की काचेच्या पुलांवर फिरत होतास? काहीही असो, लिही. दोन्हीला माझी तयारी आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

कळावे. लोभ आहे, आणि तो सध्या रोज टपालपेटीपाशी उभा असतो.

वर्नाताई


मिनीआपोलिस
४ मार्च १९९२

ती. सौ. ताईस,
सा. न. उशिराबद्दल कान पुन्हा धरले आहेत.

पाकिटावरचा पत्ता नवा आहे, पाहिलास ना?

त्या दिवशी मी बस थांब्यावर होतो. दफनभूमीची बस आली, मी पायरीवर पाय ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, की साहेब, आत या नाही तर बाहेर जा, थंडी मला लागते. मी बाहेर गेलो. ऑगीजवळ तू होतीस, आणि तू वेळेवर पोचतेस. एवढाच हिशेब केला.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, की तुम्हाला खोली कशासाठी हवी? झोपायला म्हणावं तर ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, की माझ्या बहिणीकडे काही झेंडे आहेत, ते किती दिवस तिच्या चादरींवर ठेवायचे. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. खोली मिळाली.

पहिल्या दिवशी चार वाजत आले आणि मी रांगेत जाऊन उभा. बर्निसबाई दारातूनच ओरडली, की ड्वेन कोलस्टाड, घर असलेल्या माणसाने दुसऱ्याची खाट अडवायला लाज नाही वाटत? सगळी रांग हसली. मीही हसलो, पण पाय वळेनात. शेवटी ती बाहेर आली, माझी कॉलर नीट केली आणि मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं.

झोपेचं अजून खरं नाही. दाराला कडी लावत नाही, उघडंच ठेवतो. समोरच्या खोलीत एक जण आहे, नौदलातला, त्याचंही दार उघडंच असतं. आम्ही अजून बोललो नाही. परवा त्याने खुर्ची दाराकडे वळवून ठेवली. कालपासून मीही वळवली आहे.

हीटरच्या वर फळी आहे. बाईंना बोलून बसलोय, तेव्हा झेंडे पाठव.

लोभ तिकडून इकडे येऊ दे, इथे ठेवायला जागा आहे.

तुझा
ड्वेन


ऑस्टबी
९ मार्च १९९२

चि. ड्वेन यास,
अ. आ.

आधी हे वाच. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, कोणाला काही झालेलं नाही. तुझ्या दारात खोका येईल, त्यात झेंडे असतील. हे पत्र पुढे जावं म्हणून हार्लनने पार्सल दोन दिवस गाडीतच ठेवलं आहे, आणि गाडी सावकाश चालवतो आहे.

खोक्यात रिकाम्या जागी संत्री भरली आहेत. त्या खुर्चीवाल्याला एक दे.

झेंडे मागवलेस, पण पाचांतले चारच निघतील. टपालात हरवला म्हणून शोधू नकोस. ऑगीचा इथेच राहील, चादरींवर. तो माझ्या हातात दिला होता, आणि मी त्याला ओळखते.

कळावे. लोभ आता पत्ता पाठ करतो आहे.

तुझी
वर्नाताई