ताईसाठी पहिली तबकडी

प्रिय ताई,

पत्रासोबतच्या पुठ्ठ्यात माझ्या नव्या तबकडीची पहिली प्रत आहे. बासष्टाव्या वर्षी हे काय खूळ, असं म्हणशीलच, म्हण. चार गाणी, सगळी आपल्या जुन्या नाचाच्या, हाउस म्युझिकची. तोच सरळसोट ठेका, कंप्युटरला हातही लावलेला नाही. तुझ्या भाचीने कपाळावर हात मारला, पण माळ्यावरचं ड्रम मशीन काढून पुसून तिनेच दिलं.

तबकडी कापणारा गृहस्थ भलताच खडूस निघाला. दुसरं गाणं त्याने दोनदा परत पाठवलं. बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, मधोमध हवा, नाहीतर सुई उडते, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि आता माझीच हजेरी! माझा बेस सगळा डावीकडे कलला होता. मला तो छान मधोमध वाटत होता, कारण माझा डावा कान पार गेलाय. डॉक्टर म्हणाले, उजवाही त्याच वाटेवर आहे. म्हणून तर घाई केली. शेवटी तुझ्या भाचीला माझ्या डाव्या कानाच्या जागी बसवलं आणि तिने मान डोलावली तसा बेस सरकवत गेलो.

काम करताना तूच डोळ्यांसमोर होतीस. माझे स्पीकर मावत नव्हते तेव्हा तू तुझी खोली सोडलीस आणि स्वयंपाकघरात अंथरूण टाकलंस. दिवसभर काउंटरवर उभी राहून यायचीस, तरी मी गाणी वाजवायचो त्या तळघरातल्या हॉलमध्ये चपला भिरकावून पहिली तूच नाचायला. नाचता नाचता तू पाणी प्यायला निघालीस, की मी समजायचो, गाणं फसलं. तुझ्याएवढा कडक परीक्षक मला पुन्हा भेटला नाही.

आता फोन सोडून पत्र का, ते सांगतो. परवा तू फोनवर इतकं बोललीस आणि मी नुसता हं हं करत राहिलो. एक शब्दही कळला नाही गं. उजवाही गेला. रडत बसू नकोस. नीट ऐकलेली शेवटची गोष्ट म्हणजे हीच तबकडी, आणि ती ऐकताना खुर्ची बाजूला सारून मी एकटाच नाचलो. तुझ्यामुळे पोटभर ऐकून झालं, ताई. फार फार ऐकलं. आता तू ऐक, आणि कशी झालीय ते खरं खरं लिहून कळव.

तुझाच आगाऊ,
धाकटा