शाळेलगतच्या वीस गुंठ्यांबाबत

दिनांक १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. बालदिन. ऊन चांगले होते. शाळेत मुलांना केळी वाटली. दुपारी शाळा सुटल्यावर मी घरून घण नेला आणि आवारात उभा केलेला सिमेंटचा बिबट्या फोडला. आधी जबडा, मग डोके, मग पाठ. आतले गज वाकले, तुटले नाहीत. संध्याकाळी आंघोळ करून हे लिहायला बसलो.

मी ज्ञानेश गोटीराम डेर्ले, वय ६२, पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, राहणार मळेवस्ती, सायखेड्याजवळ, जिल्हा नाशिक, माझ्या मिळकतीची माझ्या मागची व्यवस्था या कागदाने लावून ठेवत आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी शिकवलेले किंवा धमकावलेले नाही. आज धमकी मिळाली ती बिबट्यावरून, मिळकतीवरून नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टर सरिता खालकर यांनी तपासून दिला आहे. त्यांनी विचारले, "काका, घणाने बिबट्या फोडून आलेला माणूस शुद्धीवर आहे, असं लिहू मी?" मी म्हटले, "लिहा. वर्षभरात आजच आहे."

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी माझी मुलगी पल्लवी हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला आजची बातमी माझ्याआधी कळली. फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही? पाण्याचा जार उचलायचा तर कंबर धरता तुम्ही!" ती हसली, मग बराच वेळ रडली.

२. शाळेच्या कुंपणाला लागून माझी वीस गुंठे जमीन आहे. ती मी शाळेला देत आहे. मालकी माझ्या मागे, वापर आजपासून. अटी पुढे आहेत. त्या का घातल्या ते आधी लिहितो.

माझी पत्नी शुभांगी या शाळेत शिकवत होती. वस्तीतली मुले तिला बाई म्हणत आणि त्यांचे आईबापही बाईच म्हणत, कारण तेही तिच्याच हाताखालून गेले. मागच्या डिसेंबरात ती पाचवीतल्या मनालीला घरी सोडायला उसाच्या वाटेने निघाली. दिवस मावळत होता. बिबट्याने मनालीला खांद्याला धरले. शुभांगीने मुलीचा पाय धरून ठेवला आणि दुसऱ्या हातातला स्टीलचा डबा त्याच्या तोंडावर मारत राहिली. त्याने मुलीला सोडले आणि हिचा गळा धरला. मी मोटारीचे पाणी बघायला शेतावर आलो होतो. किंकाळी ऐकून पळालो. पोचलो तेव्हा तो तिला उसात ओढत होता. मी ढेकळे मारली, तो गेला. तिचे डोळे उघडे होते. बोलणे शक्य नव्हते, गळा राहिलाच नव्हता. हे मला पुन्हा कोणी विचारू नये म्हणून येथे लिहून ठेवले.

पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यात एक बिबट्या अडकला. वनखात्याची गाडी येण्याआधी सरपंच चंदरआप्पांनी माझ्या हातात पहार दिली. "भाऊसाहेब, पहिला घाव तुमचा." मी पहार टाकून घरी आलो. मग बाकीच्यांनी गजांमधून पहारी खुपसल्या. ओरडणे माझ्या अंगणापर्यंत येत होते, बराच वेळ. ते पिल्लू होते. मी पाहिलेला त्याच्या दुप्पट होता.

नंतर माजी विद्यार्थ्यांनी बाईंचे स्मारक करायचे ठरवले. मुलांना बसायला एक जागा करावी, एवढेच बहुतेकांचे म्हणणे होते. आप्पा म्हणाले, "वाघ पायजेच. नायतर लोकांना कळणार कसं, बाई कशी गेली?" मी सभेत बोलत नाही. बाईंची मूर्ती, हातात काठी, समोर झेप घेणारा बिबट्या आणि खाली देणगीदार म्हणून आप्पांचे नाव, असे ठरले.

त्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा ऊस आप्पांचाच. वाटेलगतच्या सऱ्या मोकळ्या सोडा म्हणून शुभांगी त्यांच्या ओट्यावर गेली होती. "बाई, आता वाघाला पण शाळेत घालायचं का?" असे ते म्हणाले आणि बसलेले सगळे हसले.

आज सकाळी वाऱ्याने मूर्तीवरची ताडपत्री उडाली. मनाली फाटकातून आत आली. लाल रंगवलेला जबडा तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर होता. ती मागे पळाली, पाण्याच्या चारीत पडली, कपाळ फुटले. मी तिच्या कपाळाला रुमाल धरून बसलो होतो तेव्हा ती आईला म्हणाली, "तो आता शाळेतच राहायला आलाय." आई मला म्हणाली, "भाऊसाहेब, मी पोरीला शाळंतून काढते." ज्या मुलीचा पाय शुभांगीने सोडला नाही, तिची शाळा सुटत होती. म्हणून घण.

३. अटी. वीस गुंठ्यांत ऊस, केळी, गवत, माणूस झाकेल असे काहीही लावू नये. चार खांबांवर पत्र्याची शेड घालावी, भिंत नको. बसायला ओटे, वर दिवे. घरचे माणूस न्यायला येईपर्यंत मुलांनी तेथे बसावे. पाटीवर 'शुभांगीबाईंची बैठक' एवढेच लिहावे. वीरांगना लिहू नये. देणगीदाराचे नाव, माझे धरून, कोणाचेही नको. दात किंवा नखे असलेले काहीही तेथे उभे राहिले, तर जमीन पल्लवीची. तिने ती कोणालाही विकावी, चंदरआप्पांना सोडून.

४. चंदरआप्पा आज आवारात धावत आले. "हात मोडून ठेवीन तुमचे!" मी घण खाली ठेवला नाही. ते मागे सरले. माझ्या तिरडीला त्यांनी खांदा लावला, तर पल्लवीने त्यांना ढकलून द्यावे. हळू नको.

५. शुभांगीचा डबा शाळेने काचेच्या पेटीत ठेवायला मागितला होता. तो देणार नाही. त्याचे पोचे बघायला मुलांनी रांग लावू नये. माझ्या चितेवर ठेवावा. जळणार नाही, माहीत आहे. अस्थींबरोबर नदीत सोडावा.

६. घण, पहार, पाट्या, फावडी समाधान गवंड्याला. मूर्ती त्यानेच घडवली होती. साक्षीला आल्या आल्या म्हणाला, "काका, निस्त्या मिशा बसवायला दोन दिवस गेले व्हते!" मी म्हटले, "बिबट्या चांगला झाला होता रे. म्हणूनच फोडला." मग तो म्हणाला, "बाईंचा चेहरा मात्र मला नाय जमला." ते खरे आहे. बाईंच्या मूर्तीला मी हात लावलेला नाही. ती आता मोकळ्या हवेत काठी उगारून उभी आहे. शुभांगीने वर्गातसुद्धा कधी काठी घेतली नाही. समाधानने ती उतरवून न्यावी. शेड त्यानेच बांधावी. त्याने हो म्हटले आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोघांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: ज्ञानेश गोटीराम डेर्ले
साक्षीदार १: डॉ. सरिता खालकर
साक्षीदार २: समाधान सहादू गांगुर्डे
मळेवस्ती, जिल्हा नाशिक. १४ नोव्हेंबर २०२५

दोघे गेले. उद्या शनिवार, सकाळची शाळा. मनालीची आई पोरीला घेऊन फाटकापर्यंत येते म्हणाली आहे, पुढचे मुलीवर. आवारात दातांचे, कानांचे तुकडे अजून पडलेले आहेत. मी झाडू आणि घमेले घेऊन निघतो.