अध्यक्षांची प्रत

जुळे सोलापूर
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. कमलाकर भाऊजींना ज्ञानदाचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती ठीक असेल. शाल अंगावर पडली असेल, नारळ मांडीवर असेल. चमकीचा कागद तुम्ही सोडलात, टाळ्या झाल्या आणि अध्यक्षांसाठी राखून ठेवलेल्या प्रतीत हे पत्र निघालं. चष्मा लावून सावकाश वाचा. मी माझं मनोगत मुद्दाम लांबवणार आहे. लोकांना वाटेल, अध्यक्ष भावजयीचं पुस्तक किती मन लावून चाळताहेत.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "भाषणात घ्यायचंय, ज्ञानदा. तू सारखी सॉफ्टवेअरं का बदलतेस? आणि कथा सोडून एकदम मंदिरांकडं कशी वळलीस?" मी हसून वेळ मारून नेली. आता उत्तर देते.

लॅपटॉप तुम्हीच आणून दिलात. खरं तर नवऱ्यानं आणायचा, पण सुबोध तेव्हा चिंचोळीच्या कारखान्यात पाळ्या करत होते, त्यांना सवड नव्हती. तुम्ही तुमच्याच खात्यावर मला लिहायची सोय करून दिलीत. "ऑनलाइन असलं म्हणजे काही हरवत नाही," म्हणालात. नाहीच हरवलं. मी इकडं टाइप केलेलं अक्षर न् अक्षर तुमच्या फोनात दिसत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थोरले दीर कौतुकानं करताहेत, एवढंच वाटलं.

तेव्हा मी आपल्यासारख्याच घरांतल्या बायकांच्या कथा लिहायची. त्यातली एक यशोदावहिनींची होती. तुमच्या बायकोची. नावगाव बदललेलं. लग्नानंतर शिक्षिकेची नोकरी सोडायला लावलेली बाई उतारवयात मुलींच्या वसतिगृहावर नोकरी बघते आणि नवऱ्याला न सांगता निघायची तयारी करते. वहिनींनी हे फक्त मला सांगितलं होतं, आणि त्यांना विचारूनच मी लिहीत होते.

मग तुम्ही वसतिगृहाच्या सचिवांना फोन केलात. "आमच्या मंडळींच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय, मनावर घेऊ नका." वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकत होत्या. हाती येणारी नोकरी गेली. वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकाच बिल्डिंगमध्ये राहून, गौरीच्या जेवणालासुद्धा त्यांनी माझ्या हातचं वाढून घेतलं नाही. माझं काय चुकलं तेच मला कळेना.

संक्रांतीला मीच त्यांचा हात धरून बसले. तेव्हा म्हणाल्या, "तू सांगितलंस ते सांगितलंस, पण खोटं कशाला गं सांगितलंस? डाळीचा डबा पालथा घातला की त्यांनी. सगळी तूरडाळ फरशीवर. सर्टिफिकेटं तितं मी कधी ठेवलीच न्हवती."

भाऊजी, सर्टिफिकेटं डाळीच्या डब्यात ठेवते ती माझ्या कथेतली बाई. ते मी मनानं रचलं होतं. खरी सर्टिफिकेटं वहिनींच्या माहेरी, मोहोळला होती. डबा तुम्ही माझी कथा वाचूनच पालथा घातलात.

वहिनींना हे सांगितलं. आम्ही दोघी रडलो, मग तुमची डाळ आठवून हसलो. मग मला जो संताप आला तो आजपर्यंत उतरलेला नाही. उतरू नये अशी काळजी मी घेतली आहे.

म्हणून विषय बदलला. तुमच्या खात्यावर मी मंदिरं लिहायला लागले. कुठल्या देवळाची ओवरी कुणी बांधली, कुठला कळस कधी चढवला. तुम्ही खाली शेरे मारायचात, "उत्तम. आता लेखणी मार्गाला लागली." ते वाचून मी आणखी एक देऊळ लिहायची.

आणि म्हणून सॉफ्टवेअरही बदललं. माझ्या ओळखीच्या राजशेखरच्या डीटीपीच्या दुकानात एक जुना संगणक आहे. इंटरनेट नाही, लग्नपत्रिका जुळवायला ठेवलाय. त्यात पूर्वीचा मराठी फॉन्ट आहे. त्यातला मजकूर दुसरीकडं उघडला तर नुसती गिचमीड दिसते. वहिनींची गोष्ट मी तिथंच लिहून काढली. कीबोर्डची मांडणी वेगळी, बोटांना पुन्हा पहिलीपासून शिकवावं लागलं. घरी लॅपटॉपवर सराव करायची, तेवढंच तुमच्या नजरेला पडलं. जोडाक्षराला अडले की तुमची आठवण काढायची आणि पुढं रेटायची. तुम्हाला वाटायचं, ज्ञानदा दुपारची देवळं बघत हिंडते.

कार्डावर "नव्या पुस्तकाचे प्रकाशन" एवढंच छापलं होतं. तुम्ही त्यातलं स्वतःचं नाव आणि "ज्येष्ठ विचारवंत" तेवढं वाचलंत आणि निम्म्या सोलापूरला हातानं कार्डं वाटलीत. तुमचे कॉलेजातले सहकारी, सोसायटीतले लोक, वसतिगृहाचे ते सचिवसुद्धा आलेत. त्यांना केलेला फोन पुस्तकात शब्दन् शब्द आहे. या वेळी नावं बदललेली नाहीत. वहिनीच म्हणाल्या, बदलू नको.

आता मान वर करून पहिल्या रांगेत बघा. वहिनी तुमच्याच गाडीतून आल्या, समई लावेपर्यंत थांबल्या. आता त्यांची खुर्ची रिकामी असेल. सुबोध त्यांना स्टँडवर सोडायला गेलेत. नोकरी मिळाली आहे. कुठं ते सांगणार नाही, तुम्ही लगेच फोन लावाल. घरी आज तुम्ही एकटेच जाणार आहात.

माझं बोलणं संपत आलं असेल. आता अध्यक्षीय भाषणासाठी तुमचं नाव पुकारतील. उठा, भाऊजी. लोक थांबलेत.

"आपली कृपाभिलाषी" लिहायची सवय मोडलेली,
ज्ञानदा