परकासचं मशीन अजून बांधतंय

१० एप्रिल, गुरु.
परकास कालपासून एका जागी. मशीन पण, म्हणजे घरातला कॉम्प्युटर. दोघांत मशीनचाच आवाज जास्त. आतला पंखा असा घुमतोय की शेजारची बिहारवाली दारात येऊन विचारून गेली, "अम्मा, घर में हवाई जहाज़ रखा है क्या?" म्हटलं, असतं तर बरं होतं, उडून गेलं असतं एकदाचं.
पोराला विचारलं, काय चाललंय. म्हणे, "बांधतंय, आये."
इथे सरावलीत अख्खी चाळ उभी राहिली माझ्या डोळ्यांदेखत. गवंड्यांनी एवढा वेळ घेतला नाय.

१२ एप्रिल, शनि.
आज नीट विचारून घेतलं. लिहून ठेवते, नायतर उद्या परत डोकं फिरेल.
मशीन सुवर्णाचं, म्हणजे माझ्या सुनेचं, परकासच्या बायकोचं. त्याच्यावर ती मराठी टाईप करून देते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिका. मशीन फार म्हातारं. बोईसरचा दुकानवाला म्हणाला, नवीन शिष्टिम यात बसायची नाय, दुसरं मशीन घ्या. शिष्टिम म्हणजे आतला कारभारी, त्याच्याशिवाय मशीन म्हणजे नुसता डबा. परकास म्हणाला दुसरं कशाला, मी बसवतो. फोनवर बघून बघून एक शिष्टिम शोधली. बाकीच्या तयार येतात, घातली की चालली. ही कच्ची येते. मशीनने ती वाचायची आणि आपल्या पोटात एकेक तुकडा बांधायचा. कुठला तुकडा घ्यायचा, कुठला नाय, ते आपण सांगायचं.
म्हटलं, फायदा काय?
"जे लागत नाय ते घ्यायचंच नाय. आपल्या मापाचं."
मापाचं पोलकं शिवायला शिंपी पण चार दिवस घेतो. पण तोवर अंगावरचं काढून दे म्हणत नाय.
सु.च्या पत्रिका अडल्यात. ती बोलत नाय. तिची भांडी बोलतात.
(सु. म्हणजे सुवर्णा, प. म्हणजे परकास. एवढं लिहायला हात दुखतो.)

१५ एप्रिल, मंगळ.
आज माझ्या हातून झालं. प. बाजारात गेलेला. मशीनपुढे कोण नाय, पडदा काळा, पंखा मात्र भणभणतोय. माणूस नसताना पंखा चालू ठेवायची आमच्या घरात पद्धत नाय. बटण दाबलं.
तो आला, बघितलं, खाली बसला. ओरडला नाय. ओरडला असता तर मी पण ओरडले असते, मोकळं झालं असतं.
"सकाळपासून इंटरनेट बघायचं बांधत होतं, आये. गेलं सगळं. परत पहिल्यापासून."
म्हटलं, एका बटणाने जातं ते बांधकाम कसलं? 
आता बटणावर चिकटपट्टी लावून ठेवलीय. माझ्यासाठी. मांजरासाठी लावतात तशी.

२० एप्रिल, रवि.
चाललं.
खोटं कशाला लिहू, चांगलं चाललं. आधी सु. बटण दाबून कपडे धुवून यायची तेव्हा ते उघडायचं. आता दाबलं की समोर. मधेच हे घ्या, ते घ्या, इथे सही करा, असल्या चिठ्ठ्या येत नायत. माझ्यासाठी पण एक खोली करून दिलीय पडद्यावर. ह्या एवढाल्या अक्षरात. एक चौकोन दाबला की भरती-ओहोटी. दुसरा दाबला की दातिवऱ्याला मोठ्या पोराच्या, भरतच्या घरी फोन, तोंड दिसतं. बाकी काय नाय. चष्म्याशिवाय जमलं.
तोंडावर नाय सांगितलं. चढून बसेल.
आणखी एक. दिवाळीनंतर कंपनीने प.चं खातं बंद केलं, नोकरी गेली. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. आंघोळ सांगावी लागायची. पन्नाशीच्या माणसाला. हे भूत शिरल्यापासून स्वतः उठतो, दाढी करतो, बसतो. काल शीळ घालत होता.
म्हणून मी गप्प हाय. नायतर मी आणि गप्प?

२७ एप्रिल, रवि.
मसाला कुटून आणला. डंकावर ही गर्दी. मी मिरच्यांच्या पिशवीवरचा हात सोडला नाय, कांडणाऱ्याला नजरेआड होऊ दिलं नाय. बेडगी किती, लवंगी किती, ते माझं मी.
घरी आले तर प. दात काढतो. "आये, बाजारात तयार पाकीट मिळतं की. तू कशाला डंकावर उभी राहतेस? तू करतेस तेच मी करतो. आपल्या मापाचं."
  म्हटलं, बाबा, मी वर्षातून एकदा कुटते. तू दर आठवड्याला कुटतोस. आणि माझी बरणी सु. पण उघडते, शेजारीण पण उघडते, चमचा घातला की कालवण होतं. तुझी बरणी तुझ्याशिवाय कोणाला उघडते?
सु. आत हसली. ऐकू आलं मला.

३ मे, शनि.
व्हायचं ते झालं.
सु.ने चिंचणीच्या एका लग्नाची पत्रिका केली. पडद्यावर तिला बरोबर दिसली. मधे प.ने मशीन आणखी हलकं करायला म्हणून एक तुकडा काढला. काय तर म्हणे, नावावरून लागत नाय असं वाटलं. तो तुकडा आपली अक्षरं जुळवणारा निघाला. इंग्रजीला लागत नाय, आपल्याला लागतो. सु.ने घाईत छापायला दिली, परत बघितली नाय. छापून आली तर जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलतीकडे. मी चौथी शिकलेली, मला पण वाचवेना. नवरीचा बाप दारात उभा. शिव्या नाय दिल्या त्याने. पत्रिका आमच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तुमी वाचून दाखवा."
सु.चं तोंड बघवत नव्हतं.
प. म्हणाला, परत घालतो तो तुकडा. ती म्हणाली, किती वेळ? तो म्हणाला, त्याच्यावर जेवढं उभं हाय तेवढं परत बांधावं लागेल, म्हणजे उद्या... परवा...
ती उठली.

४ मे, रवि.
सु. सकाळच्या गाडीने वाणगावला, माहेरी. भाचीकडे मशीन हाय, सगळ्यांकडे असतं तसलं. तिथे पत्रिका परत करणार. भांडण नाय, आदळआपट नाय. जाताना माझ्या पाया पडली. ते वाईट.
प.ला म्हटलं, गेली ती. तो म्हणाला, "बांधतंय, होईल संध्याकाळी." उलथनं हातात होतं, पण पन्नाशीच्या माणसाला काय मारायचं.

११ मे, रवि.
सु.ला फोन लावला. माझ्या खोलीतला चौकोन नको, साध्या फोनवरून. म्हटलं, अक्षरं सुधारली, ये आता.
ती हळू बोलते, पण बोलली की बोलली. "आई, मशीन चांगलं की वाईट ते मी नाही बोलत. चालतं तेव्हा छानच चालतं. पण बिघडलं तर मी कोणाला बोलावू? बोईसरला चार दुकानं आहेत. एकाला तरी कळेल का ते? मला फक्त ह्यांनाच बोलवावं लागणार. प्रत्येक वेळी. माझं काम मी ह्यांच्या हातात का देऊ?"
बरोबर हाय तिचं. शंभर टक्के.
आता मी काय करू? काढ ती शिष्टिम म्हटलं तर हा परत भिंतीकडे तोंड करेल. राहू दे म्हटलं तर ती वाणगावला. एक उठवायला गेले की दुसरं पडतं. आणि दोघं माझ्याकडे बघतात. मी काय कारभारी हाय?

१४ जून, शनि.
सु. आली. शाळा सुरू होतायत, कामं इथलीच. अट घालून आली. तिचं काम चालू असताना प.ने हात लावायचा नाय. तो हो म्हणाला. देवासमोर शपथ घेतली नाय, तेव्हा बघू.

२९ जून, रवि.
चार दिवस ऊन नाय. अर्धा सुकलेला जवळा वास मारायला लागला. रविवार, सु.चं काम नव्हतं, म्हणून प.चं बांधकाम चालू होतं, मशीनच्या मागून गरम वारा येत होता. ताट तिथे ठेवलं. छान सुकत होता. मग मांजर आलं, मग मुंग्या आल्या, मग प. आला.
त्याचं म्हणणं, पंखा धूळ ओढतो, आता जवळा पण ओढेल. माझं म्हणणं, एवढा एक उपयोग मला समजला तर तो पण करू देत नाय.
सु. खूप दिवसांनी हसली. प. पण. तेवढ्यापुरतं घर घरासारखं.

१३ जुलै, रवि.
परत तंटा. सु.चं काम वाढलं, तसा अटीप्रमाणे प.ने पंधरा दिवस हात लावला नाय. आता म्हणतो, तीच चूक झाली. ही शिष्टिम रोज थोडी थोडी नवी करत राहावी लागते. पडून राहिली की गुंतते, जाळ्यासारखी, मग एक गाठ सोडवली की दुसरी आवळते. सु. म्हणाली, म्हणजे चालू असलेलं मशीन चालू ठेवायला रोज बिघडवायचं?
तो म्हणाला, बिघडवायचं नाय, समजून घ्यायचं. ये, तुला दाखवतो, अवघड नाय.
"मला टायपिंग आहे."
तरी बसली त्याच्या शेजारी. थोडा वेळ. कढईतलं करपतंय म्हणत उठली. कढई गॅसवरून मी आधीच उतरवलेली.

१२ ऑगस्ट, मंगळ.
भरतचा फोन दातिवऱ्याहून. मासेमारीची पावसाळी बंदी उठली, बोटी सोमवारी निघणार, ह्याचा एक खलाशी ऐन वेळी पळाला. परकासला पाठव म्हणतो. प. लहानपणी बापाबरोबर जायचा, नंतर कंपनीत लागला तो दर्याकडे फिरकला नाय. मला वाटलं नाय म्हणेल. लगेच हो म्हणाला. पिशवी भरताना परत शीळ.
सु.ला पण बरं वाटलेलं. तोंडावर दिसत होतं. मला पण. कोणी कोणाला सांगितलं नाय.

१८ ऑगस्ट, सोम.
प. पहाटे गेला. दर्यात गेल्यावर फोन लागत नाय. गणपतीच्या आत येतील. नक्की कधी, ते मासळी ठरवणार.
जायच्या आधी मशीनला काय तरी सांगून गेला. "बांधायला लावलंय, दुपारपर्यंत होईल, कोणी बटण दाबू नका." कशाला? जाता जाता? म्हणतो, पडून राहिलं तर गुंतेल म्हणून.
माणसाला दारात उभं राहून पण गप्प बसवत नाय.

१९ ऑगस्ट, मंगळ.
दुपारपर्यंत म्हणालेला, ते काल रात्री झालं. आज सकाळी सु.ने मशीन लावलं. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, खाली एक रेघ लुकलुकतेय. पुढे जात नाय. माझी खोली पण गेली.
शाळेची चाचणी तोंडावर. सगळ्या वर्गांच्या प्रश्नपत्रिका आत. शाळेच्या मोठ्या बाईंचा दोनदा फोन. प.ला लावला, पट्ट्याबाहेर. भरतला लावला, तेच. दातिवऱ्याला मोठ्या सुनेला विचारलं, ती म्हणाली, बोटी लांब गेल्यात.
आता ज्याने बांधलं तो पाण्यात, आणि आमी दोघी रेघेपुढे.

२० ऑगस्ट, बुध.
सु.ने बोईसरच्या दुकानवाल्याला बोलावलं. आला. आधी मशीनच बघून थक्क. हे अजून चालतं? परवापर्यंत धावत होतं, मी म्हटलं. (माझ्या तोंडून. प. नाय म्हणून.) मग पडदा बघितला, एक-दोन बटणं दाबली, मान हलवली.
"मावशी, हे आमच्यातलं नाय. कोणी बसवलं?"
"माझ्या पोराने."
"मी सगळं पुसून नेहमीची शिष्टिम टाकतो, जुन्यातली, बसेल तशी. प्रश्नपत्रिका आधी काढून घेतो. संध्याकाळी वहिनी टाईप करायला लागतील. पण ह्यांनी जे बांधलंय ते जाणार. परत येणार नाय."
सु.ने माझ्याकडे बघितलं. "आई, तुम्ही सांगा."
आयुष्यभर कोणी न विचारता सांगत आले. आज विचारलं तर आधी ओटा पुसून घेतला. मी म्हटलं, "काम तुझं. मशीन तुझं. नवरा पण तुझाच." वाईट बोलले काय, माहीत नाय. निघून गेलं तोंडातून.
 दुकानवाला पिशवीतून त्याच्या शिष्टिमची डबी काढून तयार. मग ती त्याला म्हणाली, "दादा, जरा बाहेर बसता का?"
खुर्ची ओढली. बसली. पडद्यावरचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचतेय, इंग्रजी, ओठ हलतायत. "हे त्यांनी दाखवलं होतं," एवढंच म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाय. मग टकटक. मग थांबली. परत टकटक. पंखा घुमायला लागला. चांगल्यासाठी की वाईटासाठी, मला काय समजणार.
दुकानवाला जिन्यात बसलाय. दुसरा चहा दिला. मी ओट्यापाशी हे लिहितेय.
आता आत डोकावून विचारतो, "मावशी, पुसायचं की नाय?"
म्हटलं, मला काय विचारतोस. ती उठली की कळेल.