पुलावरून जाता येते

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त सातच अंगांचा गोड मानून घे.) भावोजींचा खोकला कमी असेल. तुझ्या गुडघ्याची चौकशी करत नाही, कारण काल मला पाहून तू भाजीच्या दुकानातून ज्या वेगानं निघालीस त्यावरून तो ठणठणीत दिसतो. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर तू फोन उचलत नाहीस. शिवाय मला एका गंभीर विषयात सल्ला हवा आहे.

आपल्या त्या राज्यांच्या पत्त्यांच्या खेळाला तीन एक्स्पान्शन निघाली आहेत. (आमच्या छापखान्यात अशा गोष्टीला पुरवणी म्हणतात.) एकीत जहाजं आहेत, एकीत हेर, आणि तिसरी तिघांचा हा खेळ दोघांना खेळता यावा म्हणून आहे. घरी किती जण खेळता, असं दुकानदारानं विचारलं. मी तीन म्हणालो, मग अडीच म्हणालो, मग गेले सहा रविवार दोनच, हे कबूल केलं. त्यानं तिसरी पुढे केली. आता पुरवणीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. तीस वर्षं प्रुफं तपासतो आहे. मूळ अंकात दम नसला की लोक पुरवणी काढतात. पण दोघांत मूळ खेळ होत नाही. आम्ही तुझ्या जागी उशी बसवून पाहिली. तिसरा डाव उशीनं जिंकला, आणि तुझी भावजय म्हणाली की निदान ही तुमच्यासारखी नियम वाचून दाखवत नाही.

मग मी पुरवणीच्या बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे कागदावर मांडले. हिनं कागद उलटा करून मागे वाण्याची यादी लिहिली आणि म्हणाली, "तिघांचा खेळ आहे. माणूस आणा, पत्ते कसले आणताय?" हिला डावपेचातलं काही कळत नाही. (उशीचा डाव सोडला तर सगळे हीच जिंकते.)

त्या रविवारचं उकरून काढायचं नाही, पण मुद्द्यासाठी सांगतो. तू पूल बांधलास, मी त्यावरून घोडदळ नेऊन तुझी राजधानी घेतली. शत्रूला पुलावरून जाता येत नाही, असं तू म्हणालीस. मी स्वतः मराठीत केलेली, आमच्याच छापखान्यात छापलेली नियमपत्रिका तुझ्या नाकासमोर धरली: 'शत्रूला पुलावरून जाता येते.' वर, तुला लहानपणापासून हरता येत नाही, असंही म्हणालो. तू चपला घातल्यास. ते शेवटचं मी बोलायला नको होतं.

तरी पुरवणी घ्यावी की कसं, ते कळव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुरवणीआधी मूळ नियम पाहावेत म्हणून जुनं प्रूफ काढलं. माझ्या हस्तलिखितात 'जाता येत नाही' असं आहे. टाइप करणाऱ्यानं 'नाही' गाळलं. उरलं 'जाता येत'. ते व्याकरणात बसेना, म्हणून मी लाल शाईनं 'येते' केलं. शेजारी सही माझीच आहे.

ता. क. दुसरा. तुझी राजधानी परत केली आहे. उशी उचलली आहे. तुझ्याशिवाय करमत नाही. रविवारी चार वाजता तू येते आहेस.

ता. क. तिसरा. हे पत्र मी तपासलेलं नाही. तपासलं की मी सुधारतो. कुठे 'नाही' गळल्यासारखं वाटलं तर तुझ्या हातानं घाल. रविवारच्या वाक्यात मात्र घालू नकोस.